दुसऱ्या वाढदिवसाच्या वर

चार दिवस पडत होता. पाचव्या दिवशी
वीज गेली, तिच्यामागे पंप गेला,
आणि पहाटे जिन्यात उभा राहिलो तर
बेसमेंटमधून आवाज येत होता,
कुणीतरी अंधारात भांडी शोधत असल्यासारखा.

टॉर्च मारला.
सहाव्या पायरीखाली पायऱ्या नव्हत्या.
साबणाच्या पावडरचा डबा, रंगाचा ब्रश,
माझा एक बर्फातला बूट, दुसरा कुठे दिसेना,
सावकाश, ओळख नसल्यासारखे
एकमेकांना वळसा घालून चालले होते.

पुण्याहून तू विचारलंस, किती आहे?
आईंच्या गुडघ्याची पट्टी बदलता बदलता,
फोन खांद्यात धरून.
आहे थोडं, मी म्हणालो.
"थोडं म्हणजे कुठपर्यंत?"
मग मधल्या लोखंडी खांबावर उजेड धरला,
जिथे दर मार्चमध्ये शाल्मलीला पाठ टेकून उभी करायचो
आणि डोक्यावर वही ठेवून तू रेघ मारायचीस.
दुसऱ्या वाढदिवसाच्या वर, म्हणालो.
तिसऱ्याला अजून लागलेलं नाही.
तू बोलली नाहीस.
तिकडे कुकरची शिट्टी झाली.

मग तू सांगायला लागलीस.
डावा रॅक, खालून दुसरं, निळ्या झाकणाचं,
त्यात तिची स्वेटरं. ती गेली.
त्यावरचे तुझे टॅक्सचे कागद, ते गेले तरी चालतील.
सगळ्यात वर पुठ्ठ्याचं, सुतळी बांधलेलं,
ते तेवढं बघ.
सव्वीस वर्षं पार्मामधल्या या घराचे हप्ते मी भरले
आणि घरात काय आहे
ते आठ हजार मैलांवरून तुला पाठ.

दुपारी शेजारची स्तेफानिया ह्रिंको आली,
ऐंशीची, नवऱ्याच्या मागे उरलेले गमबूट घालून,
ढकलगाडीवर पेट्रोलचा पंप.
खिडकीतून नळी आत सोडली आणि मला दटावलं:
एका दिवसात सगळं उपसायचं नाही.
बाहेरची माती फुगलीय, भिंतींना आत रेटतेय.
आत्ता आतलं पाणीच त्यांना धरून आहे.
रोज एक फूट. घाई केलीस तर घर जाईल.

आपल्याकडे म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय.
इथे मुरत नव्हतं, ते उभं होतं,
भिंतीला खांदा देऊन.

विमा कंपनीतल्या मुलीचा आवाज गोड होता.
सर, पाणी वरून आलं की खालून?
वरून आलेलं पॉलिसीत बसतं,
जमिनीतून आलेलं नाही.
मी म्हटलं, बाई,
ते आधी वरूनच आलं होतं.
ती हसली, मग म्हणाली,
मी "खालून" लिहितेय.

दुसऱ्या दिवशी पाणी
पहिल्या वाढदिवसापर्यंत उतरलं.
त्याखाली रेघाच नाहीत.
तेव्हा ती उभी राहत नव्हती,
आडवीच असायची आपल्या दोघांच्या मध्ये,
आणि मोजायचं आपल्याला सुचलं नव्हतं.
तिथून पुढे मी तुला नुसते इंच सांगितले.

आता फरशीवर चिखल आहे, साय धरावी तसा.
फर्नेस मेली. भिंती ब्लीचने घासल्या,
हाताची सालं निघाली.
खांब घासला नाही.
त्यावर एक नवी रेघ आहे, तपकिरी,
तुझ्या सगळ्या रेघांपेक्षा सरळ.
स्तेफानियाने खिशातून पेन्सिल काढून
शेजारी तारीख लिहिली.
तिच्याकडे अशा तीन आहेत म्हणे.

सुतळीचं खोकं कोरडं आहे.
आत काय ते तू सांगितलं नाहीस,
मीही गाठ सोडली नाही.
वर, आपल्या पलंगावर, तुझ्या बाजूला ठेवलंय.

गुरुवारी निघशील तेव्हा लोणच्याच्या बरण्या आणू नकोस,
असं लिहिणार होतो. ठेवायला रॅक उरलेला नाही.
मग म्हटलं, आण.